महागातला घटस्फोट

आमच्या वकिलीत काय काय बघायला मिळतं, ऐका. परवा मंगळवेढ्याकडचं एक जोडपं घटस्फोटासाठी माझ्याकडं सोलापूरला आलं. आलं ते एकाच मोटरसायकलवर! बसल्या बसल्या नवऱ्यानं खर्च विचारला.

मी म्हटलं, “दोघांच्या संमतीनं घेतलात तर स्वस्तात, थोड्या तारखांत मोकळे व्हाल. कोर्टात भांडून घेतलात तर खर्च लई, आणि वर्षानुवर्षं तारखाच तारखा.”

तो जरा घुटमळला. “दर तारखेला ही बी येनार व्हय?”

“यावंच लागतं.”

“मग महागातलाच द्या.”

इतका वेळ भिंतीकडं तोंड करून बसलेली बायको फणकाऱ्यानं उठली. “ऱ्हाऊ द्या वकीलसाहेब. माझं तोंडच बघायचं असंल, तर घरी फुकट हाय की!”