चाकोरीत लावलेलं भात

यातलं एक अक्षर खरं मानून दावा, मंग म्हनंन तुमाला छातीचं. न्हाईच मानायचे तुमी. गावानं तरी कुठं मानलं? "ठमा म्हातारीची नवी थाप," म्हनले. आता म्या जल्मभर खोड्या काढल्या, सरपंचाच्या चपला म्हशीच्या शिंगाला बांधल्या, ते येगळं. पर ही माझी खोडी न्हाई. देवाशपथ न्हाई. ऐका.

आखाड व्हता. बाजार करून म्या फाट्यावर हुबी. यष्टी आलीच न्हाई. दिस बुडाला. पाऊस आसा, की छत्री निस्ती नावाला. तेवढ्यात एक जीप आली. वर ताडपत्री, चाकं माझ्या कमरंएवढी. आत पुन्याचे तिघं दोस्त. गाडी चालवनारा निशाद, शेजारी केतकी, मागं ओजस.

"आजी, सोडू का?" केतकी म्हनली. पोरगी गुनाची.

"सोड की बाय. वाघजाळीच्या खोऱ्याच्या तोंडाशी घर हाय माझं. तुमी कुठं निगाला?"

"त्याच खोऱ्यात."

"आगं, तिकडं रस्ता कुठंय?"

"रस्ता नाही म्हणूनच चाललोय!" निशाद म्हनला.

ऐकलं? रस्ता न्हाई म्हनून जायचं! डिझेल जाळून चिखलात रुतायचं. आमी फुकाट रुततो, आमाला कुनी इचारत न्हाई.

बसले मागं, ओजसशेजारी. गाडी आशी उडायची, की माझी मिश्रीची डबी एकीकडं आन म्या एकीकडं. लागली माझ्या घराअलीकडची भाताची खाचरं. तर दिव्याच्या उजेडात दिसली एक बाई. पाठीवर इरलं, तेच पानांचं, पावसात पांघरायचं. वाकून लावनी करतीया.

"एवढ्या अंधारात?" केतकी म्हनली.

म्या म्हनलं, "सुटी दिली नसंल तिला. आमच्यात बाया आपल्या मनानं उठत न्हाईत. घरधनी बांधावरनं हाक देतो, 'सुटी झाली गं, उठा!' दिसभर वाकून कंबर धरल्याली आसती. मंग ज्यानं हाक दिली, त्यानंच हात द्यायचा, वर घ्यायचं."

निशादनं काय करावं? मुंडी भाईर काढली आन वरडला, "सुटी झाली गं, उठा!"

म्या मागनं टपली हानली. "मेल्या, तू काय तिचा घरधनी?"

बाई उठली न्हाई. निस्ती थांबली. हात चिखलात, तसाच.

फुडं गेलो. वळान घेतलं. परत बाई! तेच इरलं. आता बांधाच्या अलीकडं.

"दुसरी असेल," ओजस म्हनला. आवाज ह्या एवढासा.

परत वळान. परत बाई. आता वाटंच्या कडंला! ती धावली न्हाई, चालली न्हाई, मान वर केली न्हाई. मंग आमच्या आदी पोचली कशी? सांगा की! आता का गप बसला?

आन मंग निशादनं करकचून बिरेक दाबला. फुडं चाकोरी व्हती न्हवं, गाड्यांच्या चाकांची? त्या चाकोरीत भात लावल्यालं! हिरवंगार. वळीनं. वाटंत कोन भात लावतं का वो?

"मागे घे, मागे घे!" ओजस.

मागं बघितलं. मागं बी भात! आत्ता ज्या वाटंनं आलो, त्याच वाटंत!

चाकं गरागरा फिरली आन गाडी रुतली. त्या जीपला फुडं दोर गुंडाळल्याला आसतो. झाडाला बांधायचा, मंग गाडी आपली आपन वर वढून घेती. निशादनं जाड हातमोजे चढवले आन दोर सोडाया लागला. केतकी बॅटरी घिऊन झाडापाशी गेली.

झाडाखाली इरलं व्हतं. वाकल्यालं. त्यातनं हात भाईर आला. वर. 'घे गं मला' म्हनून करत्यात, तसा.

आन त्या गुनाच्या पोरीनं हात दिला! "या मावशी, उठा. लागलं का?"

म्या वरडले, "हात नगं दिऊ!" माझं कोन ऐकतंय? नवरा बी 'गप बस' म्हनत म्हनतच मेला.

बाई उठलीच न्हाई. मागं सरकली. लावनीत मागं मागंच सरकत्यात, तशी, वाकूनच. आन केतकी तिच्यासंगं फरफटत निगाली. तिकडं काय हाय, ठावं हाय का? दरी!

"सोडत नाहीये! निशाद, ही सोडत नाहीये!"

ओजसनं झेप घिऊन तिची कंबर धरली. तो बी फरफटला. खालचं पानी ऐकाया याया लागलं. आन वाऱ्यानं इरलं उडालं.

खाली बाई न्हाई. डोकं न्हाई, पाठ न्हाई. निस्ता चिखलातनं आल्याला एक हात!

तवा निशाद मधी घुसला. "हाक मी दिली! हात माझा घे! तिला सोड!" आन हात फुडं केला.

थांबलं ते. ऐका, थांबलं! केतकीला सोडलं. आन निशादचा हात धरला, आसा, कचकन. पोरगं पालथंच पडलं, चाललं दरीकडं. म्या त्याचा पट्टा धरला, त्या दोघांनी तंगड्या. वढा! वढा! आन फटकन आमी चौघं उतानी. हातमोजा गेला. हात ऱ्हायला.

पळालो. लावल्याल्या भातातनं, चपला सोडून पळालो. माझ्या घरी चुलीम्होरं बसलो. निशादनं केतकीचा हात धरला, रडाया लागला, "माझ्यामुळे गं, माझ्यामुळे..."

केतकी म्हनली, "आधी हात सोड."

सकाळी गावकरी गेले. जीप जाग्यावर. काच फुटली न्हाई, काय न्हाई. पर आत शिटांवर चिखल, आन चिखलात भात लावल्यालं. चारी शिटांवर. म्या बसल्याली त्या जागंवर बी! तरी गाव म्हनतं, ठमानंच रातीत लावलं.

अजून तिथंच हाय ती गाडी. न्याया कुनी येत न्हाई. म्हनून सांगते, दिस बुडाल्यावर त्या खोऱ्याची वाट धरायची न्हाई. रुतायची हौस आसंल तर माझ्या परसात रुता, म्या टाळ्या वाजवीन. पर तिकडं न्हाई.

कोन हसलं रं? हस. भाईर अंधार हाय, पाऊस बी लागलाय, आन तुझं घर सगळ्यात लांब. जावा आता. जावा म्हनते ना!