जाखाईच्या हारातला मधला घोस

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नाही, तसंही माझ्या कीर्तनात तुम्ही उत्तरं देत नाही, जांभया देता. आपल्या हातून एखादी गोष्ट चांगली झाली, की आपण छाती फुगवून सांगतो — 'मला सुचलं!' पण सुचलं म्हणजे कुठून आलं हो? आणि आलं ते नक्की आपल्याकडेच आलं होतं का?

एक होता पटवेकरी. मणी ओवून दागिने गाठवणारा. रंगनाथ त्याचं नाव. गावाचं नाव सांगत नाही, माझी सासुरवाडी आहे, उगाच घरी भांडण नको. त्या गावची देवी जाखाई. तिचा पोवळ्यांचा हार दर नवरात्रात सोडवून नव्यानं ओवायचा, आणि तो मान तीन पिढ्या रंगनाथाच्या घरात. त्या वर्षी मात्र खोतांचा निरोप आला, की तीच ती नक्षी किती वर्षं बघायची? यंदा काही नवं झालं तर ठीक, नाहीतर हार बाहेरच्या कारागिराकडे जाईल. रंगनाथाचं धाबं दणाणलं. मान गेला, तर आजोबांच्या तसबिरीपुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

आता पटवेकरी काम कसं करतो? पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, ताणून धरायचा आणि मणी ओवत जायचे. रंगनाथ असा चार दिवस बसला. डोक्यात काही नाही. हात मात्र आपले जुनीच नक्षी ओवतायत — माझी जीभ मागच्या वर्षीचाच विनोद सांगते, तशी. हसू नका, पुढं येणार आहे तो.

पाचव्या दिवशी सकाळी वैतागून उठला. बायकोला, अनसूयेला म्हणाला, घरात बसून कुणाला काही सुचलंय का? आणि निघाला अनवाणी, आभाळाकडे बघत. तळ्याकाठी थांबला, कमळं बघितली. काही नाही! गुरवाच्या दारातली जास्वंद बघितली. तिथंही काही नाही. मग पारावर चार माणसं बसलेली दिसली, आणि तिथं मात्र याला सुचलं. नक्षी नव्हे, भाषण! कला म्हणजे काय, कारागिराच्या यातना काय, पाय आपटत तासभर बोलला. माणसं उठून गेली नाहीत, कारण वाटेत हाच उभा होता. येताना पुन्हा जास्वंदीपाशी थांबला, पुन्हा तळ्याशी थांबला, आता तरी काही दिसेल म्हणून.

भर दुपारी रिकाम्या हातांनी घरी आला आणि उंबऱ्यात मटकन बसला. डोळ्यांत पाणी आलं. आजोबांचा मान आपल्या हातून जाणार, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात मागून, रस्त्यावरून, अनसूया आली. पदर धुळीनं माखलेला.

"आधी पाय बघा," ती म्हणाली.

अंगठ्याला दोरा तसाच! सकाळी उठला तो दोऱ्यासकट, आणि टोकाला गाठ मारलेली नव्हती. जाखाईची पोवळी गावभर गळत गेली होती. अनसूया मागून वेचत आली. सुईदोरा पदराला खोवलेला असायचाच, सापडेल तसं ओवत गेली. एका जागी पुष्कळ सापडली, की दोऱ्याला वळसा देऊन घोस. जागा बदलली, की खुणेला एक काळा मणी. नक्षीसाठी नाही हो! कुठं किती सांडलं, ते दाखवून घरी नीट भांडता यावं म्हणून.

तिनं माळ पुढं धरली. तळ्याची तीन पोवळी, जास्वंदीची पाच, मधोमध एकवीस पोवळ्यांचा भरगच्च घोस, मग पुन्हा चार, पुन्हा तीन. असं काही रंगनाथानं जन्मात ओवलं नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "हा मधला घोस कुठला?"

"पारावरचा. तिथं तुम्ही कला शिकवत होता."

हार देवीच्या गळ्यात पडला, गाव बघत राहिलं. खोतांनी भर देवळात विचारलं, "रंगनाथ, कसं सुचलं हो?" मंडळी, घात होतो तो इथं! त्याच्या तोंडाशी आलेलं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे, मला तर पाठ आहे. अनसूया खांबापाशी खाली बघत उभी. रंगनाथ 'मला' एवढं म्हणाला आणि थांबला. त्यानं खांबाकडं बघितलं.

"मला काही सुचलं नाही," तो म्हणाला. "मी सांडत गेलो, हिनं वेचलं."

मान घरातच राहिला. खोतांचा निरोप मात्र पुढच्या वर्षापासून अनसूयेच्या नावानं यायला लागला. आणि त्या मधल्या घोसाला बायका आजही 'रंगनाथाचं भाषण' म्हणतात.

तर घरी जाताना जरा मागं वळून बघा, तुमचं सांडलेलं कोण वेचतंय. पण हे मी कोणाला सांगतोय? काल दिवसभर आजच्या आख्यानासाठी मी पोथ्या उलथ्यापालथ्या करत होतो, घरभर पाय आपटत होतो. शेवटी तांदूळ निवडता निवडता ही म्हणाली, "माझ्या आजोबांची गोष्ट सांगा की." ती बघा, तिकडं खांबापाशी बसली आहे. आता खाली बघते आहे.

कीर्तन संपलं की बुवाला हार घालायची आपली पद्धत. आज तो हार आधी त्या खांबापाशी न्या. तोवर आरतीला मी थांबतो.