वाऱ्याविरुद्ध जाणारी सावली

— नाही नाही, वर नका जाऊ, भावजी. बसा आधी. तुमचे दादा सकाळपासून मचाणावर आहेत, आणि पाण्याकडे लक्ष असताना मागून कोणी आलेलं त्यांना चालत नाही — तुम्हाला काय मी सांगायचं, सख्खे भाऊ तुम्ही. चहा ठेवते. घाई? बोटवाल्याला किनाऱ्यावर कसली आलीय घाई! ठाऊक आहे मला कशाला आलात ते. आता बोटीत यंत्र आहे, मासा त्यातच दिसतो, तर दादांना म्हणावं उतरा खाली — हेच ना? चेहराच सांगतोय तुमचा. म्हणून तर बोलू देत नाहीये मी तुम्हाला.

वारा गार झालाय बघा. आता निघेल बोय मासळी. इतके दिवस खाडीत चिखल चाटत पडलेली — पोट कसं कोंबडीसारखं जाड तिचं, वाळूसकट सगळं दळून टाकतं — आणि वारा फिरला की अंड्यांनी फुगलेल्या सगळ्या एक होतात नि किनाऱ्याच्या कडेकडेनं समुद्राकडे निघतात. वाटेत घास घेत नाहीत म्हणे. हे मला कोणी शिकवलं? यांनीच! नवे नवरे काय काय गोड बोलतात बायकोशी, आणि हे बोलायचे बोयीबद्दल. म्हणायचे, वरून बघितलं तर बोय आणि ढगाची सावली सारखीच, काळपट. पण ढग वाऱ्याबरोबर जातो, बोय जाते तिच्या मनानं. वाऱ्याविरुद्ध सरकणारी सावली दिसली की समजायचं, आणि कापड हलवायचं, म्हणजे खालच्या बोटीनं जाळं टाकायचं.

मागच्या महिन्यात यांनी भलतंच कापड हलवलं तो प्रकार — हो, ढगच होता तो. मी म्हटलं होतं, अहो, सावली वाऱ्याबरोबर चाललीय, थांबा जरा — पण ऐकतील तर शपथ! "नीट बघ," म्हणाले मला, "तू नीट बघ" —

हो. मलाच म्हणाले. निसटलं तोंडातून, आता ऐका. वर्ष झालं, यांना पाणी नुसतं पांढरं दिसतं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. तेव्हापासून मी शेजारी उभी राहते, मी सांगते आणि हे कापड हलवतात. कोणाला बोलू नकोस म्हणाले, धाकट्याला तर मुळीच नको. रडू येतं हो मला, पण वर रडायची सोय नाही, लगेच कळतं त्यांना.

आणि तुम्ही त्या दिवशी जाळं टाकलंत! यंत्रात काही नाही हे दिसत होतं तुम्हाला, तरी रिकाम्या पाण्याला वेढा घातलात. तुमची माणसं हसत होती, मी वरून बघत होते. वाटलं, वयानं मोठी असले तरी जाऊन पाया पडावं तुमच्या. पण एक सांगते, राग मानू नका. बोयीला सगळं ऐकू जातं, एक दचकून उडाली की जाळ्यावरून सगळ्या उडतात, म्हणून हाक नाही, भोंगा नाही — बोटीवरून उत्तराला नुसतं कापड वर करायचं. "बघितलं, दादा," एवढंच सांगायला. यंत्र आल्यापासून ते तुम्ही करत नाही. त्या दिवशीही नाही केलंत. आणि हे दर वेळी विचारतात, "धाकट्यानं वर केलं का गं?" मी म्हणते, केलं. मग हे हसतात. रोज खोटं बोलते मी, त्या एका हसण्यासाठी.

थांबा — मचाणाच्या फळ्या वाजल्या. उठले. अगंबाई, मी नाहीये शेजारी, आणि हलवतायत की कापड! काय दिसणार त्यांना? काही नाही हो, गार वारा लागला असेल गालाला. उठा, भावजी, उठा. बोटीवर जा आणि वर करा कापड. उंच धरा. मी जाते यांच्यापाशी. आज विचारलं तर खरं सांगता येऊ दे मला. मग ते दुसरं — सांगायला आलात ते — मी सांगेन, हे खाली उतरल्यावर. तुमच्या तोंडून ऐकवणार नाही त्यांना.

चहा राहू द्या. जा ना, बघत काय बसलात!