सातवं टिंब

विश्रामबागेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाळगोंडा मिस्त्री दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बसले होते. साताऱ्याहून आलेल्या एका माणसानं त्यांच्यापुढं बाकावर पोतं ठेवून त्याचं तोंड सोडलं.

“मिस्त्री, गॅरेजवर कळलं तुमी हितं हाय म्हणून. भंगारातनं हे हेड, इंजिनाचं वरचं झाकण, घेतलंय. कुठल्या इंजिनाचं, तेवढं सांगा.”

“हात लावू द्या. टोकाला दोन उंचवटे हायत न्हवं? जुन्या शेवरलेटचं हाय. आठ सिलिंडरच्या.”

“नंबर न बघताच?”

“नंबर बघाया डोळं कुठं हायत? थांबा. कडंला टिंबं हायत. ही माझीच. हेड उघडलं की दर खेपेला एक टिंब ठोकायचं, ही आमच्या गॅरेजची रीत. असली शेवरलेट आमच्याकडं एकच यायची, औंधच्या उदयसिंहांची.”

“ती मोडीत काढली, मिस्त्री. गेल्या महिन्यात.”

“मी सहा येळा उघडलं हुतं. टिंबं सात हायत.”

“दुसऱ्या कुणी ठोकलं असंल.”

“दुसऱ्याला काय ठाऊक? आमच्या पोराला, गोमटेशला तेवढं शिकिवलं हुतं. भांडून साताऱ्याला गेला. म्हणला, तुमची कुठलीबी रीत चालवणार न्हाई.”

“मग त्येलाच इचारा की.”

“हे टिंब तिरकं बसलंय. डावखुरा हुता त्यो.”

“हुता?”

“वारून दोन वर्सं झाली.”

“...मिस्त्री, आत तुमचं नाव पुकारलं.”

“पुकारू दे. हात जरा ऱ्हाऊ द्या हितं.”