गाडीतली सातेरी

तुम्ही हसाल, पण मला अजून धडकी भरते.

जावयाने जुन्या टेम्पोत प्लायवूडचे बर्थ ठोकून झोपायची गाडी केली होती. पावसाळाभर ती दहिसरला आमच्या चाळीमागे उभी होती. गावी निघताना आत बघतो, तर कोपऱ्यात वाळवीने वारूळ चढवलेलं आणि त्यावर ताजं हळदकुंकू.

"औषध मारायचं नाही हां," बायको म्हणाली. "सातेरी आहे ती."

आमच्या कोकणात वारूळ म्हणजे सातेरीदेवी.

मी वरच्या बर्थची फळी दाबली. बोट आरपार गेलं. वर आमची नात आधीच चढून झोपली होती.

मी हळूच म्हणालो, "बाळा, उठून बसू नको. लोळत ये आजोबांकडे."

ती माझ्या हातांत आली आणि मागोमाग बर्थ मोडून खाली आला.

बायकोने वारुळाला हात जोडले. "माये, पोर राखलंस. आता गाडी तुझीच."