मावशी रागावल्या नाहीत

माझे नाव, पत्ता आणि दूरध्वनी पोलीस ठाण्याच्या नोंदीत आधीच बरोबर लिहिलेले आहेत. ते पुन्हा सांगत नाही. वय सदुसष्ट. शिक्षण विज्ञानाची पदवी, जुन्या काळातली. धंदा, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून सेवानिवृत्त. सध्या विद्यापीठात विद्यार्थिनी. राहणार स्वतःच्या घरी, एकटी. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, पूर्ण शुद्धीत सांगते की,

माझ्या वर्गातल्या एका मुलीवर दोन आरोप आहेत. एक, तिने व्यवसाय व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांची गाडी चोरली. दोन, तिने मला वर्गातून जबरदस्तीने ओढून नेले. यांपैकी काहीही शाबीत झाले तर विद्यापीठ तिचा प्रवेश रद्द करणार आहे. ओढून नेलेली बाई मीच असल्यामुळे माझा जबाब आधी घ्यायला हवा होता; परंतु परवापर्यंत मला सलग बोलता येत नव्हते.

विद्यापीठाने साठीच्या पुढच्या लोकांना पहिल्या वर्षाच्या कोणत्याही वर्गात बसण्याची मुभा दिली आहे. मी व्यवसाय व्यवस्थापन, भाषाशास्त्र, गणित आणि गुन्हेशास्त्र असे चार विषय घेतले. मुलगा म्हणाला, "आई, एकच घे की. चार म्हणजे डोक्याला ताप." डोके माझे आहे, असे मी त्याला सांगितले. नोकरीत आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले. लोक धंदा कसा करतात, बोलतात कसे, आकडे कसे फिरवतात आणि पकडले गेल्यावर काय म्हणतात, हे सगळे पाहिले होते. शिकायचे राहिले होते. चारही वर्गांना मी वेळेवर गेले आहे, घटनेचा दिवस धरून.

सदर मुलगी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी असून गुन्हेशास्त्राच्या तासाला माझ्या शेजारी बसते. मी तिला बसवलेले नाही. ती उशिरा येते आणि तेव्हा तीच जागा रिकामी असते. वर्ग तिला खार म्हणतो, कारण तिचे तोंड सतत चालू असते, बिस्किटांनी नाहीतर बोलण्याने. ती मला मावशी म्हणते. मी तुझी मावशी नाही, असे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले. "मग काय म्हणू? मॅडम म्हटलं तर चार जणी वळून बघतात," असे ती म्हणाली. उशीर, बिस्किटे, बाकावर पाय, यांतली एकही गोष्ट मी कधी न बोलता सोडलेली नाही.

गुन्हेशास्त्राच्या सरांनी काही दिवसांपूर्वी वर्गात एक प्रयोग केला होता. एक माणूस आत घुसला आणि सरांची बॅग घेऊन पळाला. तो सरांचा मेहुणा निघाला. आम्ही पाहिले ते लगेच लिहून द्यायचे होते. मुलांनी मेहुण्याला दाढी चढवली, दोघांनी त्याच्या हातात चाकू दिला. साक्षीदार किती चुकतो हे सरांना दाखवायचे होते, ते दिसले. असा आणखी एक प्रयोग अचानक होईल, त्या वेळी कोणीही जागेवरून उठायचे नाही, मध्ये पडायचे नाही, फक्त लिहायचे, आणि उठेल त्याचे गुण कापले जातील, असे त्यांनी बजावून ठेवले होते.

घटनेच्या दिवशी सकाळच्या तासाला सर अजून यायचे होते. ते कार्यालयात छायाप्रती काढत होते असे मागाहून कळले. माझ्या हातातून पेन पडले. उचलायला गेले तर उजवा हात ऐकेना. पुढच्या मुलाला सांगायला तोंड उघडले तर शब्दाऐवजी नुसताच घोगरा आवाज निघाला. मी एका अंगावर कलले. माझी शुद्ध गेलेली नव्हती, हे हवालदारांनी ठळक लिहावे. मला दिसत होते, ऐकू येत होते आणि कळत होते. फक्त बोलता येत नव्हते.

वर्गाने माझ्याकडे वळून पाहिले. मग सगळ्यांनी वह्या काढल्या.

"झालं सुरू."

"आजी काय भारी करतायत रे. तोंड बघ कसं वाकडं केलंय."

"कुठला हात? उजवा की डावा?"

"उजवा लिही."

"मला वाटलं या खेपेलाही मेहुणाच येणार."

पुढच्या रांगेतल्यांनी नीट दिसावे म्हणून बाक वळवून घेतले. मी त्यांना दोष देत नाही. मुले सांगितल्याप्रमाणे जागेवर बसून मन लावून लिहीत होती. एरवी मी त्यांच्याकडून हेच मागत आले होते.

मुलगी नेहमीप्रमाणे उशिरा आली. तिने ओली छत्री माझ्या उघड्या वहीवर ठेवली, बिस्किटांचा पुडा फोडला आणि बसली. पहिले बिस्किट तोंडाशी नेले आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिले, मग छत्रीकडे.

"मावशी, वही भिजतेय तुमची."

मी काही बोलू शकले नाही.

"मावशी, रागवा ना मला." ती उभी राहिली. "रागवा ना."

मागून आवाज आला, "ए खार, खाली बस. गुण जातील."

"जाऊ देत."

"अगं, नाटक आहे ते."

"मावशी नाटकातसुद्धा गप्प बसायच्या नाहीत," ती म्हणाली.

फौजदारसाहेबांनी मला तिचा जबाब वाचून दाखवला. त्यात 'मावशी रागावल्या नाहीत म्हणून मला भीती वाटली' असे वाक्य आहे. यात भीती वाटण्यासारखे काय, असे साहेबांनी मला विचारले. ज्याला शंका असेल त्याने माझ्याबरोबर एका बाकावर महिनाभर बसून पाहावे, असे माझे उत्तर आहे. ते वाक्य शब्दशः खरे आहे. जे घडत होते ते चाळीस जणांनी पाहिले. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते तिने पाहिले.

तिने रुग्णवाहिकेला फोन केला. अर्धा तास लागेल असे पलीकडून सांगितल्याचे मी तिच्या तोंडून ऐकले. मग तिने सरांची चाकांची खुर्ची आणली, मला काखेत धरून तिच्यात ओढले आणि बाहेर नेले. वर्गातल्या बहुतेक कागदांवर 'मुलीने वृद्धेला जबरदस्तीने ओढत नेले' असे आहे आणि इतके लोक एकच गोष्ट कशी लिहितील, असे तक्रारदारांचे म्हणणे आहे. ओढले हे खरे आहे. माझे वजन तिच्याहून बरेच जास्त आहे. अलगद उचलायचा प्रश्नच नव्हता. जबरदस्ती हे खरे नाही. गणिताच्या बाई शिकवतात की एकमेकांच्या वहीत बघून लिहिणारे चाळीस जण म्हणजे चाळीस साक्षीदार नव्हेत. फार तर दोन, आणि तेही मोठ्याने बोलणारे. ते बोलत असताना मी तिथेच होते.

शेजारच्या खोलीत व्यवसाय व्यवस्थापनाच्या दुसऱ्या तुकडीचा वर्ग चालू होता. तक्रारदार सर शिकवत होते. दार उघडे होते आणि माझी खुर्ची दारातच उभी होती. सरांच्या गाडीची किल्ली टेबलावर होती. मुलगी म्हणाली, "सर, गाडीची किल्ली द्या. मावशींना दवाखान्यात न्यायचंय. लगेच."

सरांनी माझ्याकडे पाहिले आणि हसले. वर्गाला म्हणाले, "शेजारचं नाटक आपल्याकडे आलंय. बघून घ्या, गिऱ्हाइकाला घाई कशी लावतात. आत्ताच, लगेच, नाहीतर संधी गेली." वर्ग हसला. मग त्यांनी पेनाच्या टोकाने किल्ली तिच्याकडे सरकवली. "घ्या मॅडम. येताना टाकी भरून आणा," असे ते म्हणाले.

तक्रारीत त्यांनी 'किल्ली हिसकावून घेतली' असे लिहिले आहे. सर खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. माणसाला मागाहून लाज वाटली की त्याची आठवणच त्याला सांभाळून घेते, हे आम्हाला गुन्हेशास्त्रात शिकवले आहे. सर उत्तम शिकवतात. मी त्यांच्या वर्गात बसते आणि पुढेही बसणार आहे. परंतु किल्ली हिसकावलेली नाही.

गाडी मुलीने वाईट चालवली. विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकऱ्याने दांडा वर केला नाही. "गाडी सरांची आहे. तुम्ही कोण?" असे त्याने विचारले. "काका, बाजूला व्हा," ती म्हणाली. काका झाले, दांडा झाला नाही. दवाखान्याच्या दारात एक कुंडी फुटली. दारे उघडी, इंजिन चालू, अशी गाडी टाकून ती मला आत घेऊन गेली. नोकरीत मी नाना तऱ्हेचे लबाड पाहिले. चोरलेली गाडी दवाखान्याच्या दारात उघडी टाकणारा पाहिला नाही.

मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मला वेळेत मिळाले. पुढे जीभ वळू लागल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारले, रुग्णवाहिकेसाठी थांबलो असतो तर? त्या म्हणाल्या, "तर हा प्रश्न तुम्हाला विचारता आला नसता."

आज ठाण्यात शिरताना मुलगी बाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेली दिसली. मी तिला पाय खाली घ्यायला सांगितले. तिने घेतले आणि ती रडू लागली. याचा तपासाशी संबंध नाही.

चोरीचे बाजूला ठेवले तरी एक गुन्हा उरतोच, असे फौजदारसाहेबांचे म्हणणे पडले. मुलीकडे फक्त शिकाऊ परवाना आहे आणि शिकाऊ माणसाला एकट्याने गाडी चालवता येत नाही. यावर माझे म्हणणे असे की, ती एकटी नव्हती. पक्का परवाना असलेली व्यक्ती शेजारी बसलेली असावी, एवढाच नियम आहे. माझा परवाना चालू मुदतीचा आहे. तो आता दाखवला. शेजारच्या जागेवर मी होते.

"पण तुम्हाला बोलता येत नव्हतं ना," साहेब म्हणाले.

बोलावे असे नियमात कुठेही लिहिलेले नाही. लक्ष असावे एवढेच अपेक्षित आहे, आणि ते होते. चौकातला लाल दिवा तिला दिसला नाही तेव्हा मी डाव्या हाताने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "हो हो मावशी, दिसला," असे म्हणून ती थांबली. म्हणजे देखरेख चालू होती. देखरेख करणाऱ्यावर जबाबदारी येते. दांडा आणि कुंडी यांबद्दल गुन्हा नोंदवायचाच असेल तर तो माझ्या नावावर नोंदवावा.

साहेबांनी हवालदारांकडे पाहिले. "बाई, आता तुम्हाला अटक करू का?"

"करा," मी म्हणाले. "पण आधी तिला सोडा. दुपारी भाषाशास्त्राचा तास आहे, आणि ती आजही उशिरा पोचणार."

मुलीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. तिने केले ते माझ्या हितासाठी केले आणि मला बोलता आले असते तर मी संमती दिली असती. तिचे माझ्यावर उपकार आहेत.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः चष्मा लावून वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे व खरा आहे. कोणाच्या दडपणाखाली दिलेला नाही. याआधीच्या परिच्छेदातले शेवटचे वाक्य मी सांगितलेले नव्हते. ते हवालदारांनी आपल्या मनाने घातले होते. खोडायला सांगणार होते. बरोबर आहे म्हणून ठेवले.