गुरुजींच्या बाटलीचं बूच

अन् बूच काय निघंना, तुमाला सांगतो. सकाळचे आठ वाजल्यापासून सिद्धोधन गुरुजी न्हाणीतल्या दगडावर बसून त्या वाईनच्या बाटलीशी झगडायलेत, दाराला आतून कडी, कपाळावर घाम, अन् बूच आपलं जिथल्या तिथं. आता कोण गुरुजी म्हणाल... आवो, आमच्या पालमचे, शाळेतून रिटायर झालेले, दारूबंदी समितीचे अध्यक्ष. विहारात दर रविवारी लेकराबाळांकडून पंचशील म्हणून घेणारा माणूस, त्यातलं पाचवं शील, दारूला शिवायचं न्हाई, ते तर दोनदा म्हणून घ्यायचे. चौकातल्या परमिट रूमसमोर तीन दिवस उपोषणाला बसलेला माणूस. तो आज कडी लावून बाटली उघडायलाय, म्हंजी काहीतरी झालं असंल का न्हाई?

झालं असं, की गुरुजींना एकुलती एक लेक, रेणुका. लय हुशार. एम.एस्सी. केलं अन् नोकरी लागली नाशिककडं, वाईनच्या कारखान्यात. दोन वर्षांमागं पहिल्या हंगामाची बाटली घेऊन आली, म्हणली, "बाबा, ही मी केलेली हाय." गुरुजी म्हणले, "ती नोकरी सोडल्याबिगर या घराची पायरी चढू नको." पोरगी पायरी उतरली, ती उतरलीच. बाटली तेवढी मागं राहिली, गुरुजींच्या बायकोनं, सरजाबाईनं, ती वाकळेत गुंडाळून ट्रंकेत दडवली.

मागच्या साली सरजाबाई आजारी पडली. परभणीच्या दवाखान्यात तीन दिवस होती. रोज म्हणायची, "रेणीला फोन लावा." अन् गुरुजी रोज म्हणायचे, "उद्या लावू." चौथ्या दिवशी लावला, तवा सरजाबाई गेली होती. पोरगी पोचेपर्यंत राख बी थंड झाली होती. अंगणातूनच परत गेली. तवापासून गुरुजींना झोप न्हाई, जेवण न्हाई, अन् सांगायचं तरी कुणाला? ऐकणारी एकच होती, तीच गेली.

आज सरजाबाईला जाऊन वर्ष झालं. दुपारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, अन् रेणुका अकराच्या एसटीनं यायची होती. पाहुण्यांसाठी वाकळा काढाव्या म्हणून गुरुजींनी ट्रंक उघडली, तर आत ही बाटली. त्यांच्या मनात आलं, तोंडानं 'चुकलं' म्हणायला तर या जन्मी जमायचं न्हाई, मग लेकीसमोर हिच्यातला एक गिलास प्यावा, ती समजून घेईल. एवढंच करायचं होतं बघा... पण बूच काय निघंना.

आधी दातानं ओढलं. कवळी निघून हातात आली, बूच न्हाई निघालं. मग खिळा ठोकून पक्कडीनं ओढलं, खिळा तेवढा बाहेर. शेवटी बाटली पेपरात गुंडाळली, पिशवीत घातली अन् निघाले... कुठं, सांगा? त्याच परमिट रूमला. मालक हात जोडून उभा राहिला. "या गुरुजी, परत उपोषण का?" गुरुजी खाली मान घालून म्हणले, "न्हाई बाबा. वाईनचं बूच काढायचं काय असतं, ते हाय का?" मालक बिचारा इकडं बघतो, तिकडं बघतो. "गुरुजी, आपल्याकडं समद्या फिरकीच्या झाकणाच्या. पालमात वाईन कोण पितं?" अन् मग हळूच, "घरात कुणी आजारी हाय का? औषधाला पाहिजे का?"

परत येताना हार्डवेअरवाला रंगनाथ भेटला, त्यानं पिशवी चाचपून पाहिली, बूच निघंना हे ऐकलं अन् म्हणला, "गुरुजी, ओढत काय बसलात, आत ढकला की." घरी येऊन लाटण्याच्या टोकानं जोर लावला, बूच बदकन् आत गेलं अन् अर्धा गिलास वाईन गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर. अन् वास कसा, तर पावसात भिजून आठ दिवस कोपऱ्यात पडलेलं पोतं असतं ना, तसा. गुरुजींनी नाक धरलं. मनात म्हणले, दारू म्हंजी घाणच असणार, आपण तीस वर्षं हेच तर सांगत आलो.

तेवढ्यात रेणुका दारात. उंबऱ्याबाहेरच उभी. तिनं बापाचा सदरा बघितला, बाटली बघितली. गुरुजींनी स्टीलचा गिलास काठोकाठ भरला अन् डोळे मिटून समदा पिऊन टाकला, एरंडेल पितात तसा. डोळ्यांतून पाणी. म्हणले, "चांगली केलीस बाळा."

रेणुका आत आली. गिलास हुंगला अन् तिचा चेहरा पडला. "बाबा, ही खराब निघालीय. बुचातच कधीकधी बुरशी असती, समदी बाटली जाती. आमच्याकडं अशी आली तर आमी तोंडाला बी लावत न्हाई."

"मला वाटलं अशीच लागत असंल," गुरुजी म्हणले.

तिनं बाटली मोरीत ओतायला घेतली. आतलं बूच गळ्याशी येऊन अडकायचं, ती बाटली हलवायची, थोडी धार पडायची, परत अडकायचं. बापाकडं पाठ करून म्हणली, "तीन दिवस होते तुमच्याकडं, बाबा. नाशिकहून मी एका रात्रीत आले असते."

गुरुजी म्हणले, "व्हय."

दुपारी कार्यक्रम झाला. गुरुजींनी चार शीलं खणखणीत म्हणली, पाचव्याला नुसते ओठ हलले. शेजारी बसलेल्या रेणुकानं ते बघितलं. माफ केलं का? न्हाई, तुमाला सांगतो, तसलं काही झालं न्हाई. जेवली, आईच्या फोटोसमोर थोडा वेळ बसली अन् पाचच्या गाडीला निघाली. गुरुजी पिशवी घेऊन मागं मागं स्टँडवर. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणली, "दिवाळीत येते. चांगली बाटली आणते, मग बघा कशी लागती."

समदं स्टँड ऐकायलं होतं. दारूबंदी समितीचे दोन मेंबर बाजूलाच उभे होते. गुरुजींनी त्यांच्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं अन् म्हणले, "आण." दुसरं काय म्हणणार? 'नको' म्हणून एकदा बघितलं होतं की त्यांनी.